जाम झालेली बकेटची पिन: घण खाली ठेवा, आधी ती कुठे धरली आहे ते बघा

गेवराईकडच्या एका भावाने विचारलं आहे. त्यांनी जुनी जेसीबी घेतली, ती पावसाळाभर शेताच्या बांधाला उभी राहिली. दिवाळीनंतर विहिरींची कामं धरायची म्हणून मागच्या बकेटचे बुश (पिन ज्यांत फिरते त्या नळ्या) बदलायला घेतले, तर बकेट आणि डिपर, म्हणजे बकेट धरणारा हात, जोडणारी ४५ मिलिमीटरची पिन जागची हलेना. दोन दिवस दहा किलोच्या घणाने ठोकून पिनचं तोंड छत्रीसारखं फुललं. वेल्डरने पिनलाच गॅस लावून ती लाल केली, तरी ती ढिम्म. पिनला जागी धरणारा लॉक बोल्ट काढण्याआधी लिव्हरवर बकेट हलत होती, फक्त कर्रकर्र आवाज यायचा. आता मिस्त्री म्हणतो की गॅसने कापून मोकळं होऊ. कापायची का?

भाऊ, कापायची वेळ कदाचित येईल, पण अजून आलेली नाही. तुम्ही आतापर्यंत जे केलं त्यात मेहनत खूप झाली, पण पाणी नेमकं कुठे मुरतंय हे कुणी पाहिलेलं दिसत नाही. ही पिन तीन ठिकाणांतून जाते: बकेटचा एक कान (भोक असलेली जाड प्लेट), मधे डिपरमधला बुश, मग बकेटचा दुसरा कान. यातल्या कोणत्या जागी ती धरली आहे हे कळल्याशिवाय मारलेला प्रत्येक घण अंदाजपंचे असतो. जालन्यात माझं गॅरेज आहे आणि वीस-बावीस वर्षं जेसीबी, पोकलेनची हीच कामं करतोय. माझ्याकडे येणाऱ्या जाम पिनांपैकी बऱ्याच पिना गंजाने कमी आणि आधीच्या ठोकाठोकीने जास्त अडकलेल्या असतात.

काही गोष्टी समोर बघितल्याशिवाय सांगता येत नाहीत. पिन भरीव आहे की ग्रीससाठी आतून भोक पाडलेली, ती वाकली आहे का, मशीन शेतात आहे की गॅरेजच्या फरशीवर, जवळ लेथवाला आहे का, आणि नवी पिन हातात आहे का? यावर पुढची बरीच पावलं बदलतात. क्रम मात्र बदलत नाही.

सगळ्यात आधी पिनवरचं वजन काढा. बकेट जमिनीवर सपाट टेकवा, खाली लाकडी ठोकळे लावा, डिपरलाही आधार द्या. इंजिन बंद करून लिव्हर सगळ्या दिशांना फिरवा म्हणजे पाइपातला उरलेला दाब उतरेल. मग चेन ब्लॉकने किंवा जॅकने बकेट अगदी केसभर वर-खाली करत राहा आणि कान व डिपर यांच्यामधली फट सगळीकडून सारखी दिसते का ते पाहा. वरच्या बाजूला फट मिटलेली आणि खाली उघडी असेल तर पिन अजून वजन उचलून आहे. दीडशे-दोनशे किलोची बकेट तिरकी लटकलेली असताना चांगली वंगणातली पिनसुद्धा निघत नाही, जाम झालेली कुठून निघणार? मी कधी कधी या एकाच कामाला अर्धा तास देतो.

दुसरी गोष्ट लॉक बोल्टची. तो काढला असं तुम्ही म्हणता, पण पूर्ण लांबीचा निघाला का? हा बोल्ट कानातून आणि पिनमधून आरपार जातो. पुष्कळदा डोक्याकडचा तुकडा हातात येतो आणि उरलेला पिनमध्ये अडकून राहतो. परभणीहून आलेल्या एका मशीनवर आम्ही सबंध दिवस घातला. संध्याकाळी बोल्टच्या भोकात तार घातली तर ती निम्म्यात अडली. तुटका बोल्ट आतच होता, म्हणजे दिवसभर आम्ही कुलूप लावलेलं दार ढकलत होतो. तेव्हापासून तार आरपार गेल्याशिवाय मी घणाला हात लावू देत नाही.

आता मूळ तपासणी. पिनची दोन्ही तोंडं आणि भोवतालचे कान वायर ब्रशने चकचकीत करा. पिनच्या तोंडावरून कानापर्यंत खडूने एक सरळ रेघ ओढा, दोन्ही बाजूंना. बोल्ट बाहेर असताना, सगळी माणसं लांब उभी करून, एकाला मशीनवर बसवा आणि बकेट दोन-चार अंश हळूच हलवायला सांगा. मग इंजिन बंद करून रेघ पाहा. रेघ सलग राहिली तर पिन बकेटबरोबर फिरली, म्हणजे ती कानात धरली आहे. रेघ मधोमध तुटली तर कान पिनभोवती फिरला, म्हणजे पिन डिपरच्या बुशात धरली आहे. फटीतून टॉर्च मारून बुशाच्या कडेवर आणि डिपरवरही अशीच एक खूण करा. ती खूण सरकली तर पिन आणि बुश एकजीव होऊन दोघंही डिपरमध्ये फिरत आहेत. तसं झालं असेल तर डिपरचं भोक खाल्लं गेलेलं असतं आणि खर्च वाढतो.

तुमच्या बाबतीत बोल्ट घातलेला असतानाही बकेट हलत होती. बोल्टने पिन कानाला बांधलेली असते, म्हणजे ती बुशात फिरत होती किंवा बुशासकट फिरत होती. बुशाची खूण जागेवर राहिली तर दुखणं कानांत आहे, बुशात नाही. मग मधे डिपरला शेक देऊन किंवा ग्रीस मारून काही मिळणार नाही.

कानातच का धरते? बुशात निदान कधीतरी ग्रीस जातं. कानात ग्रीसची वाट नसते, आणि पिन तिथे फिरत नसली तरी प्रत्येक ओझ्याला बारीक थरथरते. त्या घासण्याने लोखंडाची पूड निघते आणि तिला ओल लागली की गंज होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट किंवा त्याहूनही जास्त जागा घेतो, त्यामुळे फट भरून तो उलट पिनला आवळतो. त्यात आपली काळी माती. ती पाणी धरून फुगते आणि उन्हाने वाळली की दगडासारखी घट्ट बसते. जूनपासून दिवाळीपर्यंत न हलवता उभ्या राहिलेल्या मशीनला हे सगळं एकदम भोवतं.

घणाने का निघत नाही याचा हिशेब बघा. ४५ मिलिमीटरची पिन आणि ४० मिलिमीटर जाड कान धरला तर एका कानात चिकटलेला पृष्ठभाग सुमारे ५६ चौरस सेंटिमीटर होतो. गंजाची पकड दर चौरस सेंटिमीटरला नुसती १०० किलो आहे असं समजा. तरी एका कानाला साडेपाच टन आणि दोन कानांना अकरा टन जोर लागतो. घणाचा दणका मोठा असतो पण क्षणभराचा. त्यातला बराचसा ठोकळे, बकेट आणि डिपर हलण्यातच जातो, आणि उरलेला पिनचं तोंड फुलवतो. फुललेलं तोंड कानाच्या भोकापेक्षा मोठं झालं की ती पिन त्या बाजूने कधीच आत जाणार नाही. म्हणून तुमचं पहिलं प्रत्यक्ष काम ग्राइंडरचं आहे. तोंड मूळ मापापेक्षा किंचित कमी होईपर्यंत घासा आणि कडेला उतार द्या.

घणाबद्दल आणखी एक, आणि हे जीव तोडून सांगतोय. पिनचा वरचा थर कडक केलेला असतो, घणाचं तोंडही कडक असतं. कडक लोखंडावर कडक लोखंड आपटलं की कपची उडते. माझ्याकडच्या एका पोराच्या दंडात तांदळाएवढी कपची घुसली. बाहेरून सुई टोचल्यासारखं भोक आणि रक्ताचा एक थेंब, बस. एक्स-रेमध्ये ती हाडापाशी दिसली. तीच डोळ्यात गेली असती तर? मधे पितळेचा जाड दांडा धरा, दांडा हाताने न धरता लांब चिमट्यात धरा, आणि ठोकणाऱ्यासकट जवळच्या प्रत्येकाच्या डोळ्यावर गॉगल हवा. दुसऱ्या मशीनच्या बकेटने पिनवर धक्के मारायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती करू नका. पिन वाकते, कान फाटतात, आणि सटकलेला दांडा कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

आता तेल. डिझेल किंवा रॉकेल सगळे ओततात. ते मुरतं, पण फार सावकाश. गंज सोडवायचं तयार तेल दुकानात मिळतं, ते परवडत असेल तर उत्तम. आम्ही पॉवर स्टिअरिंगचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून वापरतो. ॲसिटोन पेट्रोलसारखं पेट घेतं, त्यामुळे ते टाकलं की त्या दिवशी तिथे गॅस नाही, वेल्डिंग नाही, बिडीसुद्धा नाही. तेल टाकून नुसतं बसू नका. दर दोन-तीन तासांनी कानावर, पिनवर नव्हे, छोट्या हातोडीने चारी बाजूंनी टकटक करा. त्या थरथरीने तेल आत ओढलं जातं. सकाळ-संध्याकाळ असं दोन-तीन दिवस करा. फटीच्या कडेने विटकरी रंगाचा ओला चिखल पाझरायला लागला की समजायचं, तेल पोचलं.

घाई असेल तर हे दिवस अंगावर येतात, कळतं मला. विहिरीचं काम ठरलेलं असतं, हप्ता डोक्यावर असतो. पण याआधी दोन दिवस घणात गेलेच ना.

तेल पोचल्यावर पिन ओढायच्या आधी ती फिरवून पाहा. ओढताना सगळा गंज एकाच वेळी तोडावा लागतो. फिरवताना मात्र लांब दांड्याचा फायदा मिळतो. पिनच्या तोंडावर जाड पट्टी वेल्ड करा, तिच्यावर दोन मीटरचा पाइप चढवा आणि पुढे-मागे हिसके न देता दाबा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. अर्थचा चिमटा त्याच पिनवर किंवा त्याच कानावर लावा. तो चॅसीवर लांब कुठेतरी लावला तर करंट सिलिंडर आणि बेअरिंगमधून वाट काढतो आणि तिथे डाग पडतात. पिनला क्रोम असेल तर तो थर आधी घासून काढा आणि धूर तोंडावर घेऊ नका.

फिरली तर अर्धी लढाई जिंकली. नाही फिरली तर खरं काम सुरू होतं: ताण, शेक आणि ठोका, तिन्ही एकाच वेळी. आपल्याकडे हे तीन एकामागून एक करतात. आधी तापवतात, मग गॅस बंद करून घण शोधतात, तोवर सगळं पुन्हा आवळलेलं असतं.

ताणासाठी माझी पद्धत अशी. पिन बाहेरून कडक असली तरी गाभा मऊ असतो, त्यामुळे मधोमध ड्रिल चालतं. तोंडावर मध्य काढून एम-३० चे, म्हणजे ३० मिलिमीटर बोल्टचे आटे पाडतो, खोली निदान ४५ मिलिमीटर. त्यात ८.८ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीचा आट्यांचा दांडा. पिनपेक्षा मोठ्या आतल्या मापाचा जाड पाइप कानावर टेकवायचा, त्यावर भोक असलेली जाड प्लेट, त्यावर मधून पोकळ असलेला २० टनी हायड्रॉलिक जॅक, आणि वर नट. पोकळ जॅक भाड्याने मिळतो, लेथवाल्यांकडे किंवा प्रेसवाल्यांकडे विचारा. जॅक नसेल तर त्याच दांड्यावर आट्यांना ग्रीस लावून लांब पान्याने नट आवळूनही बराच ताण येतो. वीस टनाचा जॅक आहे म्हणून वीस टन लगेच लावायचे नसतात. सात-आठ टनांवर थांबा आणि ताण तसाच ठेवा. दांड्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, आणि दांड्यावर जाड साखळी किंवा गोणपाटांचा ढीग टाकून ठेवायचा. ताणातला दांडा तुटला तर गोळीसारखा सुटतो.

मग शेक, आणि तो पिनला नव्हे, कानाला. तुमच्या वेल्डरची चूक इथे झाली. पिन तापली की तीच फुगते आणि कानात आणखी घट्ट बसते. पोलाद दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढतं. कान पिनपेक्षा १५० अंशांनी जास्त तापला तर ४५ मिलिमीटरचं भोक जेमतेम ०.०८ मिलिमीटरने मोठं होतं. एवढीशी, कागदाच्या जाडीची सवलत आपल्याला मिळते, आणि तीही कान गरम आणि पिन थंड आहे तोपर्यंतच. उष्णता पिनमध्ये उतरली की फरक मिटतो. म्हणून कान भराभर आणि चहूबाजूंनी सारखा तापवायचा. दोन नोझल मिळाले तर दोन्ही वापरा. कानावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो चटकन न उडता मोत्यासारखा नाचत पळाला की पुरे. लाल करायचं नाही. लाल केलं की कानाची ताकद जाते आणि शेजारच्या बुशाचा कडकपणाही उतरतो. दुसरीकडे एक माणूस पिनच्या उघड्या तोंडावर बर्फाची लादी किंवा ओलं फडकं धरून ठेवतो.

शेक देण्याआधी जवळचं ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) खोलून टाका. पिन आतून पोकळ असेल तर तिची टोकाची बूच काढा. आत कोंडलेलं ग्रीस तापलं की त्याची वाफ होते, आणि बंद पिन फुटू शकते. निप्पल उघडताना आत दाब असू शकतो, तोंड आणि बोट समोर ठेवू नका. होसपाइप आणि सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर ओलं गोणपाट टाका. सांडलेलं तेल पुसून घ्या. आणि शेतात करत असाल तर दहा पावलांच्या आत सोयाबीनचं भुसकट, पऱ्हाट्या, उसाचं पाचट काहीही नको. पाण्याचा ड्रम हाताशी ठेवा.

आता ताण आहे, कान तापतोय, आणि तिसरा माणूस पितळी दांड्याने पिनच्या मागच्या तोंडावर मध्यम, एकसारखे ठोके देतोय. इथे आवाज नीट ऐका. जाम पिनवर ठोका पडला की भरीव दगडावर मारल्यासारखा "थप" आवाज येतो. सुटायच्या बेतात आली की आवाज चढतो, "टण्ण" असा मोकळा होतो. मग अचानक बंदुकीसारखा एक "खाड" होतो, जॅकचा काटा खाली पडतो, आणि फटीतून लाल भुकटी भुरभुर गळते. तिथे पहिल्यांदा थांबा. उत्साहात पुढे ओढत सुटू नका. तेल टाका, पिन थोडी मागे जाऊ द्या, पुन्हा ओढा. असं चार-पाच वेळा केलं की भुकटी बाहेर येते. नाहीतर तीच पाचरीसारखी बसून निम्म्यावर दुसऱ्यांदा जाम होते, आणि ती दुसरी जाम पहिलीपेक्षा वाईट असते.

पहिल्या शेकात नाही निघाली तर ताण तसाच ठेवून सगळं थंड होऊ द्या, मग परत तापवा. तापणं-निवणं यानेच गंजाला तडे जातात. तीन फेऱ्या मी नेहमी देतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत निवतानाच, कुणी हात लावलेला नसताना, पिन सुटल्याचं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

तुमची पिन बुशात धरली आहे असं खूण सांगत असेल तर थोडं वेगळं. निप्पल काढा, वाट तारेने साफ करा, पातळ तेल भरा आणि ग्रीस मारायच्या हातगनने दाब द्या. साध्या हातगनमध्येही काहीशे किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब तयार होतो, तेल आत घुसतं. पण होसला बारीक चीर असेल तर हाच दाब ग्रीस कातडीत घुसवतो. बोटावर फक्त ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि बोट जाऊ शकतं. असं झालं तर घरी मलम लावत न बसता लगेच मोठा दवाखाना गाठा आणि दाबाने ग्रीस घुसलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आणि कापायचंच झालं तर? तीन फेऱ्यांनंतरही हलली नाही, किंवा पिन वाकलेली निघाली, तर कापा, त्यात कमीपणा नाही. पण सरसकट नको. कान आणि डिपरमधल्या वॉशर काढल्या की चार-पाच मिलिमीटरची फट मिळते. डिपरच्या बाजूला पत्रा सरकवून त्याचं तोंड वाचवा आणि दोन्ही बाजूंनी फटीतून पिन कापा. बकेट मोकळी होते, डिपर शाबूत राहतो. कानातले तुकडे उरतात, पण आता बकेट उचलून वर्कशॉपच्या प्रेसखाली नेता येते. प्रेसनेही नाही निघाले तर तुकड्याच्या मधोमध गॅसने लांबीभर भोक पाडायचं. तापलेली पिन बाहेर फुगू शकत नाही, आतल्या पोकळीकडे दबते, आणि निवली की मूळ मापापेक्षा आकसते. बहुतेक वेळा मग हातोडीने निघते. जुना बुश काढायलाही हेच तत्त्व: आतल्या बाजूने वेल्डिंगची एक रेघ लांबीभर मारा, निवू द्या, बुश आवळून सैल होतो.

पिन निघाली की जुनीच घासूनपुसून बसवू नका, तुमची तर लाल झालेली आहे, तिचा कडकपणा गेला. कानाची भोकं आतून मोजा, उभी आणि आडवी. गोल राहिली नसतील तर नवी पिन टाकून सहा महिन्यांत तिथेच याल. जागेवर बोअरिंग करणारे, म्हणजे भोक पुन्हा गोल कोरून देणारे, आता जालना, संभाजीनगर, लातूर सगळीकडे आहेत. नवी पिन बसवताना कानाच्या भागाला तांब्याचं अँटी-सीझ (जाम होऊ न देणारा लेप) लावा, बुशाच्या भागाला ग्रीस. आणि लॉक बोल्ट योग्य मापाचाच घाला, हाताला येईल तो नको.

ग्रीस रोज, दहा तासांच्या कामाला एकदा. शक्यतो संध्याकाळी काम संपल्यावर, सांधा गरम असताना, म्हणजे रात्रीची ओल आत शिरत नाही. ज्या बाजूला पिन दाबली गेलेली असते तिथे ग्रीस जात नाही. म्हणून एकदा बकेट टेकवून मारा, एकदा उचलून टेकूवर ठेवून मारा, कडेने ताजं ग्रीस दिसेपर्यंत. पावसाळ्यात मशीन उभी असेल तर पंधरा दिवसांतून एकदा सुरू करा, सगळे सांधे पूर्ण हलवा आणि ग्रीस द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

भाऊ, आज फक्त तोंड घासा, बोल्टच्या भोकात तार घाला आणि खडूची रेघ ओढा. रेघ सलग राहिली की तुटली ते मला कळवा, आणि दोन्ही तोंडांचे फोटो पाठवा. तोवर मिस्त्रीला गॅस पेटवू देऊ नका.